सामायिक कुरण उजाड होणारच? एक खुलासा

‘सगळ्यांचं ते कुणाचंच नाही’ या समजाला 1968 साली अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या लेखाने शास्त्राचं वजन दिलं. त्यांचा हिशेब असा : सामायिक कुरणावर एक जनावर वाढवलं की फायदा पूर्ण माझा, चराईचं नुकसान मात्र सगळ्यांत वाटलेलं. म्हणून प्रत्येकजण जनावरं वाढवतच राहणार. उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी अंमल.

हिशेब चूक नाही, गृहीतक चूक आहे. यातले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत! हे वर्णन कुंपण नसलेल्या, नियम नसलेल्या मोकाट जागेचं आहे. हार्डिन यांनीही पुढे ‘सामायिक’च्या आधी ‘अव्यवस्थापित’ हा शब्द जोडला.

स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा 1517 सालचा नियम पाहा. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर सोडायच्या. गाई वर गेल्या की लगेच मोजणी, आणि त्या आकड्यावरच चीजचा वाटा. जास्त सोडल्या तर दंड, त्यातला निम्मा दंड वसूल करणाऱ्याचा. म्हणजे राखणदार डोळेझाक कशाला करेल? अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

उलट नेपाळने 1957 मध्ये खासगी जंगलं सरकारजमा केली. गावकऱ्यांचा राखण्यातला रस संपला, सरकारी पहारा तोकडा पडला, तोड वाढली. 1993 च्या वनकायद्याने जंगलं गावकऱ्यांच्या वापरकर्ता गटांकडे सोपवायची वाट पक्की केली.

जगाच्या सामायिक हवामानाला मात्र गावाने स्वतः नियम करून राखण्याचा हा नमुना जसाच्या तसा लागू पडत नाही : तिथे बाहेरच्याला रोखताच येत नाही.