मेन फंक्शनच्या आधी चिपमध्ये काय घडतं?

प्रोग्राम काल नीट चालला आणि आज वीज चालू करताच भलतंच वागू लागला, तर खापर फार लवकर कंपायलरवर, म्हणजे आपला कोड चिपच्या सूचनांत बदलणाऱ्या साधनावर, फुटतं. कंपायलरमध्ये चुका असतात, यात शंका नाही. पण त्याला दोषी ठरवण्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एकाच चिपमधल्या छोट्या संगणकाला, वीज मिळाली त्या क्षणी त्याच्या आत काय होतं?

तिथली रॅम बहुधा स्टॅटिक प्रकारची असते. एकमेकांना धरून ठेवणाऱ्या दोन इन्व्हर्टरच्या (०चा १ आणि १चा ० करणाऱ्या सर्किटांच्या) जोडीत तिचा एकेक बिट राहतो. वीज येताच त्या दोघांत जो किंचित सरस, त्याच्या बाजूला बिट कलतो. सरस कोण, हे चिप घडताना राहिलेल्या सूक्ष्म फरकांवर ठरतं. म्हणून काही बिट जवळपास दर वेळी ० निघतात, काही १, आणि काहींचा नेमच नसतो. हा नमुना प्रत्येक चिपचा वेगळा असल्याने चिपची ओळख पटवायलाही तो वापरतात. शिवाय वीज क्षणभरच गेली, तर रॅममधली जुनी माहिती टिकूनही राहू शकते. लगेच चालू केलं तर चालतं, थोडं थांबून केलं तर बिघडतं, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

मग सी भाषेतलं ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्या फंक्शनांच्या बाहेर लिहिलेलं) शून्यापासून सुरू होतं ते कसं? ते काम हार्डवेअर करत नाही, आपल्या प्रोग्रामच्या आधी चालणारा स्टार्टअप कोड करतो. एव्हीआर या मायक्रोकंट्रोलर घराण्यातल्या चिपमध्ये ३२ कामाची रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या छोट्या जागा) असतात आणि रीसेटनंतर, म्हणजे चिप नव्याने सुरू झाल्यावर, त्यांत काय असेल याची हमी नसते. जीसीसी या कंपायलरसोबतचा स्टार्टअप कोड आधी आर१ हे रजिस्टर शून्य करतो, स्टॅक पॉइंटर (फंक्शनांची तात्पुरती माहिती रॅममध्ये कुठे ठेवायची ते सांगणारा) लावतो, सुरुवातीच्या किमती फ्लॅशमधून, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतून, रॅममध्ये आणतो, उरलेली ग्लोबल व्हेरिएबल्स शून्य करतो आणि मग मेनला, म्हणजे आपला प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनला, हाक मारतो. फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलला मात्र कोणी शून्य करत नाही.

आर१ची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सी कोड तयार करताना कंपायलर त्यात शून्यच आहे असं गृहीत धरतो. पण एव्हीआरमध्ये गुणाकाराचं उत्तर आर१ आणि आर० यांतच येतं. हाताने लिहिलेल्या असेंब्लीत (चिपच्या सूचना थेट लिहिण्याच्या भाषेत) गुणाकार केला आणि आर१ पुन्हा शून्य करायचं राहिलं, तर बिघाड भलत्याच ठिकाणी, अगदी निर्दोष दिसणाऱ्या सी ओळीत उमटतो. कंपायलरचा बग वाटावा असं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

पेरिफेरलच्या, म्हणजे पिना, टायमर अशा चिपमधल्या जोडभागांच्या, रजिस्टरांना रीसेटच्या वेळच्या किमती ठरलेल्या असतात, फक्त त्या आपल्याला वाटतात तशा नसतात. पिक १६एफ८७७ए ही चिप चालू होते तेव्हा पोर्ट एच्या अ‍ॅनालॉग पिना अ‍ॅनालॉगच असतात. डिजिटल म्हणून वाचल्या तर शून्य मिळतं. एटीमेगा ३२ ही एव्हीआर चिप कारखान्यातून येते तीच जेटॅग (चिप तपासण्याची जोडणी) चालू ठेवून, त्यामुळे पोर्ट सीच्या चार पिना आपलं ऐकत नाहीत. एसटीएम३२ या चिपांमध्ये पेरिफेरलचा क्लॉक चालू केला नसेल, तर त्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं वाया जातं.

रीसेट कशामुळे झाला, यानेही फरक पडतो. एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये वॉचडॉगमुळे (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरमुळे) रीसेट झाला, तर वॉचडॉग त्यानंतरही चालूच राहतो, तोही सुमारे १६ मिलिसेकंदांच्या सर्वात छोट्या मुदतीवर. तो वेळेत बंद केला नाही, तर चिप पुन्हा पुन्हा रीसेट होत राहते. रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर म्हणूनच अगदी सुरुवातीला वाचून ठेवावं. मधे बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम चिपमध्ये भरणारा छोटा प्रोग्राम, असेल तर त्याने ते आधीच पुसलेलं असू शकतं.

आता कंपायलर. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान वा छोटा करणं) बंद असताना चालणारा आणि चालू करताच अडकणारा कोड पाहिला की मी आधी व्होलाटाइल शोधतो; ही किंमत कधीही बदलू शकते, दर वेळी नव्याने वाच, असं कंपायलरला सांगणारा हा शब्द. इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मधेच थांबवून धावणाऱ्या कोडमध्ये, बदलणाऱ्या फ्लॅगला तो शब्द लावला नसेल, तर फ्लॅग एकदाच वाचून लूप कायमचा फिरवण्याची मुभा कंपायलरला भाषेच्या नियमांनीच दिलेली आहे. पण याच व्होलाटाइलबाबत खरे कंपायलरही चुकले आहेत. २००८ साली एरिक आइड आणि जॉन रेगर या संशोधकांनी १३ कंपायलर तपासले; प्रत्येकाने कुठे ना कुठे चुकीचा कोड तयार केला. पुढे युटा विद्यापीठातल्या सीस्मिथ या, कसेही सी प्रोग्राम आपोआप बनवणाऱ्या साधनाने कंपायलरांमधले ३२५हून अधिक बग उघड केले.

तेव्हा निवाडा असेंब्ली लिस्टिंगवरच, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या सूचनांच्या यादीवरच, करावा. तयार झालेल्या सूचना सी भाषेच्या नियमांशी जुळत असतील, तर दोष आपल्या कोडचा किंवा चिपच्या स्थितीचा. जुळत नसतील, तर प्रोग्राम छाटत छाटत चूक दाखवणाऱ्या मोजक्या ओळींवर आणावा आणि कंपायलरची आवृत्ती व पर्याय यांसह तो बनवणाऱ्यांकडे पाठवावा. सिम्युलेटरवर, म्हणजे चिपची नक्कल करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रामवर, सगळं ठीक चाललं, एवढ्यावर विसंबू नये. रॅम शून्यापासून सुरू करणारा सिम्युलेटर नेमकी हीच चूक झाकून टाकतो. त्यापेक्षा स्टार्टअप कोडच्या अगदी आरंभी सगळी रॅम एकदा ०एक्स५५ने आणि एकदा ०एक्सएएने (एकमेकांच्या उलट बिट असलेल्या दोन किमतींनी) भरून पाहावी. दोन वेळांत प्रोग्राम वेगवेगळा वागला, तर सुरुवातीची किंमत न दिलेलं व्हेरिएबल कुठेतरी वाचलं जात आहे, आणि शोध तिथूनच सुरू करायचा.