लाल गाडी गुलाबी का पडते?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अमळनेर तालुक्यात मामांकडे गेलो, तेव्हा गोठ्याशेजारी उभी असलेली त्यांची लाल गाडी मला आधी ओळखूच आली नाही. बोनेट आणि छत फिक्कट गुलाबी, खडूसारखं कोरडं. बोट फिरवलं तर बोटाला भुकटी. "गाडीले नजर लागनी, भाऊ," मामी म्हणाली. बंपरला लिंबू-मिरची लटकत होतीच.

मी दार उघडून चौकटीची आतली बाजू दाखवली. तोच रंग, त्याच कारखान्यात त्याच वेळी मारलेला, तेवढाच जुना, पण डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. नजर दाराच्या आतही जाते. तिथे जे पोचत नाही ते ऊन. एकोणीस उन्हाळे, आणि तेही आपल्या खानदेशातले.

मामांनी विचारलं, "पॉलिश चढवून होईल का?" हा शब्द मी सगळीकडे ऐकतो, 'चढवणं'. बफिंग, म्हणजे मशीनवरच्या फिरत्या पॅडने पॉलिश घासणं, केलं की गाडीवर चकाकीचा काहीतरी लेप बसतो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात मशीन रंगाचा एक अतिशय पातळ थर काढून टाकतं. काहीतरी काढल्यावर चकाकी कशी येते, हे समजून घ्यायला मला स्वतःला बरेच दिवस लागले आणि त्यातलं भौतिकशास्त्र मला फार सुंदर वाटतं.

रंग म्हणजे राळेत बसवलेले रंगद्रव्याचे कण. सूर्याच्या अतिनील किरणांच्या एका फोटॉनमध्ये कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. बंध तुटतात, हवेतला ऑक्सिजन तिथे चिकटतो, वरची राळ ठिसूळ होऊन झडते आणि रंगद्रव्याचे कण उघडे पडतात. भुकटी आली ती तिथून. त्यात रोज सकाळी कोरडं फडकं मारायची सवय. फडक्याखाली धूळ असते, धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतली गारगोटी मोहच्या कठीणपणाच्या १ ते १० या मापावर ७ येते. राळ त्यापुढे लोणी.

पण लाल रंगाचा गुलाबी का झाला? रंगद्रव्य तर अजून लालच आहे.

प्रकाश हवेतून रंगाच्या थरात शिरतो, तेव्हा त्यातला सुमारे ४ टक्के वरच्यावर परत फिरतो. राळेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिच्यात हवेच्या तुलनेत किती पट मंदावतो तो आकडा, साधारण १.५ धरा. १.५ मधून १ वजा करा, उत्तराला २.५ ने भागा, वर्ग करा: ०.०४. हा ४ टक्के प्रकाश रंगद्रव्यापर्यंत गेलेलाच नसतो, म्हणून तो पांढराच असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो सगळा एकाच दिशेने जातो. त्या दिशेला डोळा असेल तर झळाळी दिसते आणि बाकी सगळीकडून शुद्ध लाल दिसतो. पृष्ठभाग खडबडीत झाला की तोच पांढरा प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि जिथून पाहाल तिथून लालमध्ये दूध ओतल्यासारखा मिसळतो. भुकटीच्या थरात तर कण, हवा, पुन्हा कण अशा कितीतरी सीमा असतात आणि प्रत्येक सीमेवर असाच थोडा थोडा प्रकाश परततो. काळी गाडी राखाडी दिसते ती याच कारणाने. पांढऱ्या गाडीवर मात्र ओरखडे लपतात, कारण पांढऱ्यात पांढरं मिसळलेलं कळत नाही.

पावसात भिजलेली जुनी गाडी नव्यासारखी दिसते, त्याचाही उलगडा इथेच होतो. खडबडीत पृष्ठभागाच्या खड्ड्यांत हवेऐवजी पाणी भरतं, आणि पाण्याचा अपवर्तनांक १.३३. वरचंच गणित हवेऐवजी पाणी धरून करा, उत्तर ०.३६ टक्के येईल, म्हणजे आधीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. रॉकेलचा अपवर्तनांक साधारण १.४४, तिथे ते ०.०४ टक्क्यांवर येतं. स्टँडवरचे कितीतरी चालक रॉकेलचं किंवा डिझेलचं फडकं मारतात आणि गाडी लगेच चमकते, ती या शंभरपट घटीमुळे. रॉकेल उडून गेलं की खड्ड्यांत पुन्हा हवा भरते आणि गुलाबी परत येतो. डिझेल लवकर उडत नाही, पण त्यावर धूळ बसते, आणि उद्याचं फडकं तीच धूळ घासतं.

आता गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत? आकाश निळं का, हे ज्यांच्या नावाने आपण शाळेत शिकतो त्या रॅली यांच्याच नावाचा एक निकष आहे. समोरून पाहताना उंच-सखलपणा तरंगलांबीच्या आठव्या भागापेक्षा कमी असेल, तर प्रकाशाच्या लेखी तो पृष्ठभाग सपाट. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिचा आठवा भाग ०.०७ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग! तिरकं पाहिलं तर ही मर्यादा कोनाच्या कोसाइनने भागली जाते. लंबाशी ८० अंशांचा कोन झाला की ती जवळजवळ सहापट सैल होते. म्हणून अगदी मंद बोनेटसुद्धा मावळतीच्या उन्हात लांबून चकाकतं. वहीचं खरखरीत पुठ्ठ्याचं वेष्टन डोळ्याच्या पातळीला धरून ट्यूबलाइटकडे बघा, तेही चमकेल.

तेव्हा पॉलिश करणं म्हणजे मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी लहान ओरखडे पाडणं, मग त्याहून लहान. ओरखडे संपत नाहीत. ते एवढे उथळ होतात की प्रकाशाला जाणवत नाहीत. पॅडवर लावायच्या घासणाऱ्या पेस्टमध्ये, म्हणजे रबिंग कंपाउंडमध्ये, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, मोहच्या मापावर ९. आधी जाड कंपाउंड, मग बारीक, हा क्रम त्यासाठीच.

मशीन दोन प्रकारची. साध्या गोल फिरणाऱ्या मशीनवर १५० मिमीचा पॅड मिनिटाला १५०० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी ४२ किलोमीटर असतो आणि मध्यबिंदूचा शून्य. त्यामुळे कड जोरात कापते, गरम होते, आणि एकाच दिशेच्या कमानी मागे सोडते. दुसऱ्या प्रकारात पॅड स्वतःभोवती सावकाश फिरतोच, शिवाय समजा १५ मिमीच्या छोट्या वर्तुळात मिनिटाला ४००० वेळा हलतो. त्या हालचालीचा वेग ताशी ११ किलोमीटर, आणि तो पॅडच्या प्रत्येक बिंदूला सारखाच. काम सावकाश होतं, पण नवशिक्याच्या हातून रंग जळत नाही. मी हेच मशीन आणलं होतं.

आम्ही पहाटे साडेपाचला सुरुवात केली, कारण तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड क्षणात सुकतं. आधी भरपूर पाण्याने धुतलं. मग दाराच्या कडांना टेप लावली, कारण कडेला रंग सर्वांत पातळ असतो. पहिल्याच फेरीत पॅड लाल झाला आणि मामा घाबरले. जुन्या गाड्यांवर रंगाचा एकच थर असेल तर असं होतं. हल्लीच्या गाड्यांवर रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४० मायक्रॉनचा, आणि तिथे पॅडवर रंग येता कामा नये. आला, तर मशीन तिथल्या तिथे बंद करायचं.

नंतर मामांना कुणीतरी सिरॅमिक कोटिंग सुचवलं, "हिऱ्यासारखं कठीण, ९एच." हे मला मनापासून खटकतं. ९एच ही पेन्सिलींच्या कठीणपणाची श्रेणी आहे. त्या पेन्सिलीने कोटिंगवर ओरखडा उठला नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पेन्सिल असते ग्राफाइट आणि मातीची. हिऱ्याचा १० हा आकडा मोहच्या मापावरचा, त्याचा या ९ शी काही संबंध नाही. असं कोटिंग पाणी आणि घाण धरू देत नाही, हा त्याचा खरा उपयोग. पण गारगोटीच्या वाळूपुढे ते टिकत नाही.

नऊ वाजेपर्यंत बोनेट आणि चारही दारं झाली. दाराच्या चौकटीचा लाल आणि बोनेटचा लाल शेजारी ठेवून मामींनी स्वतः ताडून पाहिला. छताच्या मधोमध मात्र दोन फेऱ्यांतच तळहाताएवढा राखाडी प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, डोकावला. तिथे लाल उरलाच नव्हता, मी मशीन बंद केलं. छत आता रंगाऱ्याकडे जाईल.