पट्टीवरची लाल रेघ सोन्याची असते

नॅनो सेन्सर म्हटलं की प्रयोगशाळेतलं, अजून बाजारात न आलेलं काहीतरी महागडं यंत्र डोळ्यांपुढे येतं. मेडिकलच्या दुकानात मिळणारी गर्भचाचणीची स्वस्तातली पट्टी कुणाला आठवत नाही. तिच्यावर उमटणारी लालसर रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते. वजन म्हणाल तर सोनाराचा काटा हलणारही नाही.

दागिन्यातलं पिवळं सोनं इथे लाल कसं? मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. सोन्याचे 20 ते 40 नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असले की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकदम झुलतात आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात. पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेने 1857 साली असं द्रावण अभ्यासलं होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते आजही जपून ठेवलंय.

पट्टीवर लघवीचे थेंब टाकले की ते पुढे झिरपत जातात. वाटेत सोन्याचे कण कोरडे बसलेले असतात, अंगावर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं, घेऊन. या अँटिबॉडी फक्त एचसीजी हे गर्भावस्थेतलं हार्मोन धरतात. पुढे ‘टी’ रेषेवर दुसऱ्या अँटिबॉडी पक्क्या चिकटवलेल्या असतात. त्या हार्मोनची मोकळी बाजू पकडतात, सोन्याचा कण तिथेच अडकतो आणि असे असंख्य कण साचले की रेघ दिसू लागते. हार्मोन नसेल तर कण सरळ निघून जातात. ‘सी’ रेषा मात्र कणांवरच्या अँटिबॉडींनाच पकडते, त्यामुळे ती उमटायलाच हवी. नाही उमटली, तर ‘टी’वर काहीही दिसो, ती चाचणी बाद.

ना बॅटरी, ना पडदा. वाचायला आपला डोळा पुरतो. मला यातलं सगळ्यात मोठं कौशल्य हेच वाटतं. मे 2021 मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हिसेल्फ’ या घरगुती कोविड चाचणीला आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची मान्यता मिळाली. तिथेही रचना अशीच, फक्त हार्मोनच्या जागी विषाणूचं प्रथिन.

एक गंमतशीर अडचणही आहे. हार्मोन अतोनात असेल तर कण आणि रेषा दोघांनाही वेगवेगळे रेणू मिळून जातात, दोघांना जोडणारा रेणूच उरत नाही आणि रेघ फिकी पडते. अशा वेळी नमुना पाणी घालून पातळ केला की रेघ ठळक होते!

पाण्यातला पारा किंवा दुधातलं मेलामाइन हे भेसळीचं रसायन ओळखायलाही हेच कण वापरून पाहिले गेलेत. तो पदार्थ असला की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळा होतो. प्रयोगशाळेत हे देखणं दिसतं. पण साध्या मिठानेही उघडे कण चिकटतात आणि रंग निळा होतो, हे फॅरडेनेच पाहिलं होतं. विहिरीच्या पाण्यात क्षार असतातच. मग निळा रंग पाऱ्याचा की मिठाचा? पट्टीतल्या कणांवर प्रथिनांचं आवरण असतं, म्हणून खारट लघवीतही ते टिकतात. पाण्याच्या चाचण्यांमध्ये तसं भरवशाचं आवरण बसवणं, हेच जिकिरीचं काम आहे.