गोठ्याच्या माळ्यावर घोरतं कोण?

गोठ्याच्या माळ्यावर रात्री कुणीतरी घोरतंय, म्हणून गावाकडून चुलतभावाचा फोन. भगत बोलवायची तयारी झाली होती. म्हटलं, आधी माळ्याखाली काळपट गोळ्या पडल्यात का बघ, असल्या तर एक फोड. आतून केस, बारीक हाडं आणि उंदराची अख्खी कवटी निघाली. गव्हाणी घुबड! ते उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेलं ओकून टाकतं. चेहरा पत्त्यांतल्या बदामासारखा, पांढरा, डोळे काळे. पिंगळा वेगळा: बुटका, ठिपकेवाला, डोळे पिवळे.

हा चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारी पिसांची बशी. पिसांखालचे कान एका पातळीत नसतात. डावा थोडा वर, पण खाली रोखलेला. उजवा खाली, पण वर रोखलेला. जमिनीवरची सळसळ म्हणून डाव्या कानाला मोठी ऐकू येते. झाला वर-खालीचा हिशेब.

डावं-उजवं कळतं वेळेवरून. आवाज जवळच्या कानात आधी पोचतो, दुसऱ्यात किंचित उशिरा; हा फरक फार तर पाव मिलिसेकंदाच्या आसपास. तो मोजायचा कसा? समजा, बांधाच्या दोन टोकांवरून दोघं सारख्याच चालीने निघाले. एकाला उशीर झाला, तर भेट मधोमध न होता त्याच्या टोकाकडे सरकते. घुबडाच्या मेंदूत दोन्ही कानांचे संदेश असेच समोरासमोर येतात, आणि दोन्ही एकदम पोचतील तिथली चेतापेशी सर्वांत जोरात पेटते. कुठली पेटली, यावरून दिशा. मासाकाझू कोनिशी आणि सहकाऱ्यांनी ही यंत्रणा उलगडली. रॉजर पेन यांच्या प्रयोगात तर गडद अंधारात पाचोळ्यावरून ओढलेल्या कागदाच्या बोळ्यावरही घुबडाने झडप घातली होती!

आणि आपण म्हणतो, घुबडाला मारलेला दगड ते घासत बसतं, दगड झिजतो तसा माणूस झिजतो. शेतकरी झिजतो तो उंदरांनी.

भावाला दोनच गोष्टी सांगितल्या. माळ्याची खिडकी बुजवू नकोस, आणि उंदीर मारायच्या ब्रोमाडिओलोनच्या वड्या बंद कर. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त फिरतो, घुबडाला आयताच सापडतो आणि विष त्याच्या पोटात जातं. रानात चार पक्षीथांबेही रोव म्हटलं, घुबडाला टपून बसायला.

परवा त्याने फोटो पाठवला. माळ्यावर पाच पिल्लं, जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहान-मोठी. मादी दोन-तीन दिवसांआड एकेक अंडं घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते, म्हणून. घोरत होती ती हीच. भूक लागली की ती तशीच ओरडतात.