“उचलून नेऊ की”: चाहत्यांच्या मेळाव्यातील सुगम्यतेच्या वादाची पार्श्वभूमी

अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांपाशी डोलीवाले उभे असतात. दांड्यांना बांधलेली खुर्ची चार जण खांद्यावर घेतात आणि ज्यांना चढवत नाही त्यांना वर पोहोचवतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेल्या कड्यापुढे याहून वेगळा मार्ग काढणे अवघड आहे, हे मान्य करता येईल. मात्र अलीकडे बांधलेल्या मंगल कार्यालयात, पाच पायऱ्यांच्या मंचापुढेही आपल्याला डोलीच सुचते, आणि छत्रपती संभाजीनगरात कॉमिक्स, ॲनिमे व विज्ञानकथांच्या चाहत्यांनी वर्गणी काढून भरवलेल्या एका मेळाव्यात जो वाद उभा राहिला त्याचे मूळ याच सवयीत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या मेळाव्यात मी नोंदणीच्या टेबलावर होतो. वेशभूषा स्पर्धेसाठी परभणीहून आलेल्या एका तरुणीने आपल्या चाकांच्या खुर्चीला पुठ्ठा आणि चंदेरी कागद लावून तिचे अंतराळयान केले होते. मागच्या बाजूला पंख होते, हातांपाशी बाटल्यांच्या झाकणांची बटणे होती. तिचे नाव पुकारले गेले तेव्हा मंचाला उतार नाही हे सर्वांच्या लक्षात आले. “उचलून नेऊ की,” असे म्हणून चौघांनी तिला उचलले आणि वरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले. माइक हातात आल्यावर ती म्हणाली, “मला वर आणलंत, पण माझं यान खालीच राहिलं.” सभागृह हसले, ती हसली नाही. पुढच्या आठवड्यात तिचे पत्र आले. मंचाची उंची आणि स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी यांचा विचार व्हावा आणि या दोन्हींची माहिती नोंदणीपूर्वी जाहीर व्हावी, एवढेच तिने मागितले होते. समितीचे पहिले उत्तर होते, “ताई, आम्ही सगळे फुकट राबतो.”

हे उत्तर नवे नाही. चाहत्यांच्या मेळाव्यांची परंपरा जिथून आली तिथेही ते अनेक वर्षे दिले गेले. पहिले जागतिक विज्ञानकथा अधिवेशन जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरले, त्याला सुमारे २०० जण आले होते, आणि तेव्हापासून आजपर्यंत ते बिनपगारी स्वयंसेवकच चालवत आले आहेत. तिथे येणारा माणूस प्रेक्षकाचे तिकीट काढत नाही, तो सभासद होतो. आपल्या साहित्य संमेलनातील प्रतिनिधी शुल्काची कल्पना याच्या बरीच जवळची आहे. सभासदत्वाच्या या रचनेमुळेच ‘आम्ही फुकट राबतो’ हा युक्तिवाद लंगडा पडतो (हा शब्द मी जाणूनबुजून ठेवला आहे; भाषेतही अशा पायऱ्या पुष्कळ आहेत). मेळावा जर सर्व सभासदांचा असेल, तर त्यातल्या एकीला तो यजमानाच्या मेहरबानीवर का मिळावा, याचे उत्तर राबणाऱ्यांच्या कष्टांत सापडत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न चाहत्यांच्या मंडळांनी आपण होऊन सोडवला असे नाही. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई केली, पण नियम निघेनात. तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्र सरकारच्या इमारतीत अपंग आंदोलकांनी ठिय्या दिला, आणि तो तीन आठवड्यांहून अधिक चालला. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये आंदोलकांनी चाकांच्या खुर्च्या व कुबड्या खाली ठेवल्या आणि संसद भवनाच्या पायऱ्या ते सरपटत चढले. त्यांना उचलायला तिथेही माणसे मिळाली असती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अमेरिकन अपंगत्व कायद्यावर सही झाली. १९७७ मध्येच विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे स्त्रीवादी विज्ञानकथेला वाहिलेले विसकॉन हे स्वयंसेवी अधिवेशन सुरू झाले होते, आणि त्याने कालांतराने रुळवलेली एक युक्ती फार साधी आहे: जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून चाकांच्या खुर्च्यांच्या जागा आणि जाण्यायेण्याची वाट आखून ठेवायची, त्या आखणीत कोणी उभे राहायचे नाही की खुर्ची सरकवायची नाही. गेल्या दशकाच्या मध्यास चाकांच्या खुर्चीवरील लेखकांना रॅम्पअभावी मंचाखाली थांबावे लागल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा अनेक लेखकांनी सुगम्यतेचे धोरण जाहीर न करणाऱ्या अधिवेशनाला न जाण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. पाहुणेच येणार नाहीत म्हटल्यावर संयोजकांचे लक्ष तिकडे गेले.

मराठवाड्याला स्वयंसेवी मेळाव्यांचा अनुभव कमी नाही. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ पासून काम करते आहे, आणि अखिल भारतीय साहित्य संमेलने अंबाजोगाईत १९८३ साली, परभणीत १९९५ साली, औरंगाबादेत २००४ साली, तेव्हाच्या उस्मानाबादेत २०२० साली आणि उदगीरमध्ये २०२२ साली झाली. स्वागत समिती, भोजन समिती, निवास समिती, मांडव समिती अशी कामाची वाटणी गावागावांत पाठ आहे, आणि आजची चाहता मंडळी ती वाटणी जशीच्या तशी उचलतात. त्याबरोबर मंचाबद्दलची समजूतही वारशाने येते: मंच जितका उंच तितका पाहुण्यांचा मान मोठा. मांडववाला उंची विचारतो. वर कोण आणि कसे जाणार हे विचारत नाही, कारण त्याला ते कधी कोणी सांगितलेलेच नसते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपल्याकडे ‘फुकट राबतो’ या उत्तराला काही काळ कायद्याच्या भाषेतच आसरा मिळत होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सार्वजनिक इमारतींत रॅम्प करण्यास सांगितले, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही अट घालून, आणि कुवत किती हे ठरवण्याचे काम ज्याला खर्च करायचा त्याच्याकडेच राहिले. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ वर नेली, सुगम्यतेच्या नियमांना मुदती घातल्या आणि सरकारी असोत वा खासगी, सेवा देणाऱ्या सर्वांना त्या नियमांच्या कक्षेत आणले. सार्वजनिक इमारतीच्या त्याच्या व्याख्येत लोकांना खुली असलेली खासगी इमारतही येते, आणि सांस्कृतिक व करमणुकीच्या वापराचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा भाड्याने मिळणारे मंगल कार्यालय त्याबाहेर आहे असे म्हणता येणे कठीण आहे. तरीही नियमांतील मानके बंधनकारक की केवळ मार्गदर्शक, हा घोळ होताच. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक मानके करण्यास सांगितले.

आमच्या समितीत मात्र मत बदलले ते निकालाने नव्हे, मोजपट्टीने. रॅम्पचा मान्य उतार बारास एक असतो, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. अडीच फुटी मंचाला तीस फुटांचा उतार लागतो, आणि तेवढी जागा त्या सभागृहात नव्हती. मांडववाल्याने “फळी टाकून देतो” म्हटले. आठ फुटांच्या फळीवरून खुर्ची वर ढकलणे म्हणजे घसरगुंडी उलटी चढणे. तेव्हा कोणीतरी विचारले की मंच हवाच कशाला. स्पर्धा जमिनीवर घेऊन खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या तर खर्च वाढत नाही, उलट मंचाचे भाडे वाचते. इतक्या वर्षांत हे कोणालाच सुचले नाही, याची मला आजही थोडी लाज वाटते, कारण त्या वर्षांतली तीन वर्षे मीही समितीत होतो.

स्वच्छतागृहाचे दार तसे सुटले नाही. ते चोवीस इंचांचे आहे आणि त्या तरुणीची खुर्ची सव्वीस इंचांची. चौकट काढण्यास मालकाची ना नाही, पण ते काम तो लग्नसराई संपल्यावर करणार, आणि मेळावा त्याआधी आहे. म्हणून तळमजल्यावरचे, रुंद दारांचे दुसरे सभागृह पाहिले आहे. त्याचे भाडे अधिक आहे, अनामत आगाऊ द्यावी लागते, आणि त्या अनामतीसाठी वर्गणी गोळा करणे चालू आहे. पावतीपुस्तकातील पहिल्या पावतीवर परभणीचा पत्ता आहे.