बोधाचा तास आणि समूह-उपचार

मधल्या सुट्टीत मारामारी करणारी आठ-दहा मुलं एका वर्गात बसवायची, समुपदेशक ताईंनी रागावर पाऊण तास बोलायचं, शेवटी सगळ्यांकडून ‘पुन्हा करणार नाही’ वदवून घ्यायचं. अशा तासालाही ‘ग्रुप थेरपी’ म्हटलं जातं, ते मला खटकतं. बोधाच्या तासात मूल गप्प ऐकतं. समूह-उपचारात ते चिडतं, आणि चिडलेलं असतानाच सावरायला शिकतं.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन लॉकमन यांनी भांडखोर मुलांसाठी विकसित केलेला ‘कोपिंग पॉवर’ कार्यक्रम पाहा. चौथी ते सहावीची पाच-सहा मुलं, दोन मार्गदर्शक, शाळेतच ३४ बैठका. पालकांच्या १६ वेगळ्या. एका खेळात मूल पत्ते लक्षात ठेवत असतं आणि बाकीची त्याला चिडवतात. आधी बाहुलीला चिडवून सराव, मग प्रत्यक्ष मुलाला. ‘हा मला उचकवतोय, मी पत्त्यांकडेच बघणार’ असं स्वतःला बजावत त्याने तग धरायचा. आणखी एका बैठकीत एकच चित्र दाखवून प्रत्येकाला त्यावर गोष्ट सांगायला लावतात. भांडखोर मुलाला रांगेत चुकून लागलेला धक्काही बरेचदा मुद्दाम मारलेला वाटतो. त्याच चित्रात शेजारच्याला भलतंच दिसलं, हे मोठ्यांनी सांगण्यापेक्षा बरोबरीच्या पोराच्या तोंडून जास्त पटतं. गट हवा तो यासाठी.

पण गट उलटूही शकतो. डिशियन, मॅक्कॉर्ड आणि पुलाँ या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं, की वांड किशोरांना एकत्र आणलेल्या काही गटांत वागणं आणखी बिघडलं. एकाने आपला पराक्रम सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं; ते हसू हीच शाबासकी. बोधाच्या तासात हे मागच्या बाकावर चालतं, ताईंना दिसतही नाही.

लॉकमन यांनी स्वतःचा कार्यक्रमही तपासून पाहिला, याचं मला फार मोल वाटतं. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात ३६० मुलं होती. काहींना गटात शिकवलं, काहींना एकेकट्याने. आक्रमकता दोन्हीकडे कमी झाली, पण शिक्षकांना एकेकट्याने शिकलेल्यांत जास्त फरक दिसला. ज्यांना स्वतःला आवरणं मुळातच जड जातं, त्यांच्यासाठी गट तितका उपयोगी ठरला नाही.

शाळेकडून ‘ग्रुप’चं संमतीपत्र आलं, तर सही करण्याआधी विचारा: मुलं किती, किती आठवडे, पालकांना कधी बोलावणार, आणि मारामारीच्या किश्श्यावर गट हसला तर ताई त्या क्षणी काय करतात?