सोबती आणि समुपदेशक : पोलिसाच्या मनाच्या घावाला कोण कुठे लागतो

"चल, चहा घेऊ, बोल काय झालं ते." पोलिस ठाण्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. त्याची किंमत मोठी आहे, पण ते समुपदेशन नव्हे. दोन्हीकडे बोलणंच असतं, म्हणून गल्लत होते. कुणी म्हणतं, सोबती आहेत, मग डॉक्टर कशाला? आणि समुपदेशकाचं एक व्याख्यान झालं की वरिष्ठांना वाटतं, विषय मिटला.

आमच्या किनारपट्टीवर हे प्रसंग चुकत नाहीत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल कोसळला, दोन एसटी वाहून गेल्या आणि पुढे कित्येक दिवस पार खाडीपर्यंत मृतदेह शोधावे लागले. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. अशा वेळी पोलिस चिखलात उतरतो, पंचनामा लिहितो, ओळख पटवायला आलेल्या आईशेजारी उभा राहतो. थोड्याच दिवसांत तो गणपतीच्या बंदोबस्ताला हजर असतो.

माझ्या एका जोडीदाराने खाडीतून काढलेल्या लहान मुलाचा पंचनामा लिहिला होता. त्यानंतर ओहोटीच्या चिखलाचा वास त्याला सोसेना. घरात बांगडा तळायला घेतला की हा ताटावरून उठायचा. कोकणातल्या घरात हे लपत नाही. वहिनींनी मला सांगितलं, तोवर दोन महिने उलटले होते.

मी त्याला जेट्टीपासून लांब, डोंगराकडच्या देवळात नेलं. त्या मुलाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. माझीच एक जुनी गोष्ट सांगितली : हायवेवरच्या एका अपघातानंतर मी कितीतरी रात्री दिवा लावून झोपायचो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तुला पण?"

सोबत्याचं काम हे एवढंच, आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. वर्दीतल्या माणसाला पहिली भीती असते ती 'कच्चा आहे' असा शिक्का बसण्याची. ती वर्दीतलाच माणूस घालवू शकतो. पुढे मी ड्युट्या लावणाऱ्या हजेरी मेजरना सांगून त्याच्या रात्रपाळ्या बदलून घेतल्या. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.

आतलं काम वेगळं. घटनेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, तेच चित्र डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बरेच जण आपोआप सावरतात. महिना उलटूनही ते टिकलं, माणूस ठरावीक ठिकाणं नि माणसं टाळू लागला, कामात नि घरात अडू लागला, तर तपासणी हवीच. तिथे प्रशिक्षित माणूस त्या आठवणीजवळ बेताबेताने नेतो, पेलवेल तेवढंच उघडतो. औषध लागलं तर ते मानसोपचारतज्ज्ञ देतात.

सोबत्याने नेमकं हेच करायला जाऊ नये. "सगळं ओकून टाक, मोकळा होशील" हा सल्ला मायेचा असला तरी धोक्याचा आहे. घटना घडल्या घडल्या सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जगभर वापरून झाली. त्याने पुढचा आजार टळत नाही, काहींना उलट त्रास वाढतो, असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नका असं सांगितलं. आणि 'बसू या' म्हणून बाटली उघडणं हा तर आधारच नव्हे. दारूने झोप आणखी बिघडते.

गुप्ततेचंही तसंच. उपचार करणाऱ्यावर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं बंधन असतं. सोबत्यापाशी फक्त शब्द असतो. म्हणून मी आधीच सांगून ठेवतो : तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तू मरणाची भाषा केलीस तर मी गप्प बसणार नाही. तुझं हत्यार जमा करायला लावीन, तुला एकटं सोडणार नाही आणि तुझ्यासमोरच 14416 लावीन. ही टेलिमानसची, मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारी सरकारी सेवा आहे. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.